तलावाकाठचे घर



वसंत व्याख्यानमालेत घर बांधण्यावर व्याख्यान, हे वाचून आपणांपैकी काहींना थोडे नवल वाटले असेल. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास ही प्रथा सुरू केली, तेव्हापासून अशा व्यासपीठांवरून अर्थकारण, राज्यकारण, धर्म आणि वाङ्मय यांची चर्चा होत आली आहे. दगडमातीला त्या मानाने वेळ थोडा मिळाला. परंतु मनुष्य आयुष्यात मते पुष्कळ वेळा बदलतो, घर मात्र बहुधा एकदाच बांधतो; आणि चुकलेले मत मागे घेता येते, चुकलेली भिंत मागे घेता येत नाही. म्हणून एक संध्याकाळ या विषयासाठी दिली तर ती वाया गेली असे आपण म्हणणार नाही, अशी आम्हांस आशा आहे.

आम्ही आज एकाच घराची हकिगत सांगणार आहोत. ते घर आपल्या गोंदिया जिल्ह्यातील आहे, तलावाच्या काठचे आहे आणि चांगल्याच उतारावर उभे आहे. ते बांधताना जो प्रश्न पुढे आला तो त्या एका कुटुंबापुरता नव्हता, म्हणून तो चारचौघांत मांडावासा वाटतो.

दोन-तीन पावसाळ्यांपूर्वी एक गृहस्थ आमच्याकडे आले. उभी हयात धानाच्या गिरणीत गेलेली, आता व्यवसाय मुलगा पाहतो. अर्जुनी-मोरगाव तालुक्यात एका जुन्या तलावाच्या कडेला त्यांची वडिलार्जित जमीन होती. वर रस्ता, खाली पाणी, तोंड पश्चिमेला. रुंदी साठ फूट, लांबी नव्वद फूट, आणि त्या नव्वद फुटांत जमीन एकवीस फूट खाली उतरत गेलेली. ते म्हणाले, "शहरात पुष्कळ राहिलो. आता पाण्याकडे पाहत बसायचे आहे. पश्चिमेची अख्खी भिंत काचेची करा, आणि कुंपण थेट पाण्यापर्यंत न्या." सोबत मासिकातून कापलेले एक रंगीत चित्रही होते. कुठल्यातरी परदेशी समुद्रकिनाऱ्यावरचे घर, पांढरे, सपाट छपराचे, पाण्यावर झेपावलेले. चित्र सुंदर होते, यात वाद नाही. पण त्यात मे महिना कुठे दिसत नव्हता.

पुढे जाण्यापूर्वी या भागातील तलावांविषयी थोडे सांगितले पाहिजे. आपणांपैकी पुष्कळांना हे ठाऊक आहे, पण जे बाहेरून आले असतील त्यांच्यासाठी. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा निघालेला हा जिल्हा तलावांचा जिल्हा आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून असे जुने तलाव साडेसहा हजारांहून अधिक आहेत. परंपरा अशी सांगते की, जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याने भिजणारी जमीन द्यावी, असे गोंड राजांनी ठरविले, आणि कोहळी समाजाने ते काम अंगावर घेतले. त्यांची पद्धत साधी होती. दोन टेकड्यांमधील खिंड हेरायची, तिच्यावर मातीची पाळ घालायची, आणि टेकड्यांवरून येणारे पाणी अडवायचे. नवेगाव बांध हा या कर्तबगारीचा सर्वांत प्रसिद्ध नमुना. पुढे मालगुजारी आली आणि हे तलाव मालगुजारांच्या नावे झाले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. आज आपण त्यांना 'मामा तलाव' म्हणतो, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. नात्यातला मामा नव्हे, पण गावाला अन्न पुरविणारा म्हणून तेही नाव शोभते.

या रचनेतून एक गोष्ट आपोआप निघते. पाळीच्या खाली सपाट धानाची शेती आणि गाव. पाळीच्या वर पाणी. आणि पाण्याच्या उरलेल्या बाजूंना टेकडीचा उतार. म्हणजे आपल्याकडे तलावाकाठी घर बांधायचे तर ते बहुधा उतारावरच येणार. यातील पुष्कळसा उतार वनखात्याचा आहे आणि तो तसाच राहावा. नवेगावचे डोंगर १९७५ पासून राष्ट्रीय उद्यानात आहेत, २०१३ पासून व्याघ्रप्रकल्पात आहेत. तेथे कोणी घर बांधावे असे आम्ही स्वप्नातही सुचविणार नाही. आम्ही बोलतो ते गावालगतच्या, खाजगी मालकीच्या तुकड्यांविषयी. असे तुकडे आता विकले जाऊ लागले आहेत, आणि विकत घेणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात ते रंगीत चित्र असते.

आम्ही प्रथम जागा पाहिली. मोजणीच्या नकाशावर पाण्याची एक निळी रेघ होती. गृहस्थ म्हणाले, "इथपर्यंत पाणी." तलावात जाळे टाकणारे एक वयस्क ढिवर तेथेच डोंगा दुरुस्त करीत बसले होते. आम्ही त्यांना विचारले, "मामा, पाणी खरेच इथपर्यंत येते का?" ते हसले आणि आमच्याबरोबर उतारावर चालत आले. एका मोहाच्या बुंध्याशी थांबून म्हणाले, भरपूर पावसाच्या साली पाणी येथवर चढते. मग बरेच खाली येऊन एक दगड दाखविला, येथवर दिवाळीत असते. आणि मग हात लांब करून तलावाच्या पोटाकडे बोट दाखविले. मेमध्ये तेथे. मधले सगळे चिखल आणि मग भेगा.

म्हणजे नकाशावर रेघ एक होती, जागेवर तीन निघाल्या. पाण्याकाठचे घर म्हणून जे आपण बांधतो ते वर्षातील सातआठ महिनेच पाण्याकाठी असते. उरलेले महिने ते वाळलेल्या गाळाकाठी असते. केवळ पाण्याच्या देखाव्यावर ज्याने घर उभारले, त्याचे घर दर उन्हाळ्यात निरर्थक होते. तेव्हा पहिला निर्णय तेथेच झाला. पाणी असेल तेव्हा ते दिसावे, परंतु पाणी नसेल तेव्हाही राहावेसे वाटेल असे काहीतरी घराच्या पोटात असले पाहिजे. हे 'काहीतरी' म्हणजे अंगण.

आता उताराकडे वळू. उतारावर घर बांधण्याचे दोन सोपे मार्ग आहेत आणि दोन्ही वाईट आहेत. एक, खांब उभारून घर हवेत लटकवायचे. मग खालच्या पोकळीत साप, वटवाघळे आणि अडगळ राहते आणि माणूस जमिनीला मुकतो. दुसरा, एकच उंच भिंत घालून मागे भराव करायचा आणि टेकडीला जबरीने सपाट करायचे. या दुसऱ्या मार्गाने आम्ही स्वतः एकदा गेलो आहोत. ती हकिगत सांगताना अभिमान वाटत नाही, पण तिचा उपयोग आहे.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका घरासाठी आम्ही बारा फूट उंचीची आधारभिंत घातली होती. दगड चांगला, सिमेंट चांगले, गवंडी हुशार. खर्च वाचावा म्हणून मागे खडीचा थर देण्याऐवजी तेथलीच चिकण माती लोटली, आणि पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली भोके पहिल्याच वर्षी त्या मातीने बुजली. दुसऱ्या पावसाळ्यात, जुलैच्या एका रात्री, भिंतीला पोट आले आणि पहाटे ती आडवी झाली. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. चूक सर्वस्वी आमची होती. भिंत मातीने पडत नाही, मागे कोंडलेल्या पाण्याने पडते, ही गोष्ट पुस्तकात वाचलेली होती. त्या पहाटे ती डोळ्यांनी पाहिली.

यामागचे गणित प्रत्येक घरमालकाने समजून घ्यावे इतके सोपे आहे. पाण्याचा एकंदर रेटा उंचीच्या वर्गाने वाढतो. सात फूट पाणी भिंतीमागे कोंडले तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे सव्वादोन टनांचा रेटा येतो. बारा फुटांना तो साडेसहा टनांच्या पुढे जातो. आणि एकवीस फुटांची एकच भिंत घातली तर वीस टनांवर. उलट त्याच एकवीस फुटांच्या सात-सात फुटांच्या तीन पायऱ्या केल्या, एकमेकींपासून पुरेशा अंतरावर, तर तिन्ही मिळून भार पावणेसात टनांच्या आसपास राहतो. आणि मागे खडीचा थर देऊन भोके मोकळी राखली तर तोही साठत नाही. एका मोठ्या हट्टापेक्षा तीन लहान तडजोडी स्वस्त पडतात. संसारात हे आपण जाणतोच.

पण ही विद्या आमच्या कॉलेजात जन्मली असे समजण्याचे कारण नाही. त्या जागेवरून खाली पाळीपलीकडे पाहिले की धानाच्या बांध्या दिसतात. तुडूम उघडले की पाणी पहिल्या बांधीत येते, तेथे उभे राहते, गाळ टाकते, मग धुऱ्याला पाडलेल्या तोंडातून दुसरीत उतरते, दुसरीतून तिसरीत. उतार आहे, पण पाणी कोठेही धावत नाही. कोहळ्यांनी आणि त्यांच्या मागून आलेल्या शेतकऱ्यांनी या मुलखाचा उतार असा पायरीपायरीने थांबविला आहे. आम्ही त्या गृहस्थांना बांधावर नेऊन म्हटले, "तुमचे घर असे बांधू. तीन बांध्या. फक्त धानाऐवजी त्यांत माणसे राहतील."

घराची मांडणी अशी झाली. रस्त्याच्या पातळीवर पहिले अंगण. त्याच्या दोन बाजूंना स्वयंपाकघर, देवघर, नहाणी आणि आजींची खोली, पश्चिमेला सपरी. आजी म्हणजे गृहस्थांच्या मातोश्री, वय ऐंशीच्या पुढे. उतारावरच्या घरात पायऱ्या टळत नाहीत, म्हणून नियम असा केला की, म्हाताऱ्या माणसाचा संपूर्ण दिवस एकही पायरी न उतरता पार पडला पाहिजे. सात फूट खाली दुसरे अंगण, मोठे. त्याच्या उत्तरेस आणि दक्षिणेस बैठकीची, निजण्याची आणि पाहुण्यांची खोली, मध्ये आकाश. आणखी सात फूट खाली तिसरी पायरी, तिच्याविषयी पुढे बोलू.

खोल्या बाजूंना आणि अंगणे मधोमध एका ओळीत ठेवल्याने एक लाभ झाला. वरच्या सपरीत बाजेवर बसले की नजर मधल्या अंगणावरून सरळ पाण्यावर जाते, कारण मधल्या अंगणाच्या पश्चिम भिंतीचा माथा वरच्या जमिनीइतकाच आहे. काचेची भिंत न घालता पाणी घरात आले.

काचेची भिंत आम्ही का नाकारली, तेही सांगितले पाहिजे, कारण या मुद्द्यावर बरीच बोलाचाली झाली. दुपारचे ऊन वरून येते, त्याला छज्जा अडवितो. पश्चिमेचे ऊन आडवे येते. सूर्य क्षितिजाजवळ आला की कोणताही छज्जा त्याला अडवू शकत नाही. समोर पाणी असेल तर तेच ऊन पाण्यावरून परावर्तित होऊन दुसऱ्यांदा येते. मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाच्या घरात असताना, अशा काचेमागे कोणी पाण्याचा देखावा पाहत बसणार नाही. जाड पडदा ओढून बसेल. म्हणजे काचेचे पैसे दिले, पडद्याचे दिले, आणि पाणी दिसलेच नाही. म्हणून पश्चिमेला विटांची जाड भिंत घातली, तिच्यात मधोमध एकच रुंद दार ठेवले, आणि दारापुढे खोल सपरी.

अंगणाचे काम उन्हाळ्यात कसे चालते ते पाहा. आपला जिल्हा साडेएकवीस अक्षांशाच्या आसपास आहे. मेच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्यास भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो. तेवढा तास-दोन तास अंगण तापते. सकाळी आणि उतरत्या दुपारी मात्र भिंतींची सावली निम्म्याहून अधिक अंगणावर असते. रात्री निरभ्र आकाशाखाली जमीन आपली उष्णता वर सोडते, हवा निवते, आणि गार हवा जड असल्यामुळे खाली बसते. उतारावर तर ती पाण्यासारखीच वाहते. म्हणून प्रत्येक अंगणाच्या खालच्या भिंतीत जमिनीलगत जाळ्या ठेवल्या. उन्हाळ्यात वरच्या अंगणाची गार हवा मधल्यात उतरते आणि लोक तेथे बाजा टाकून निजतात. हिवाळ्यात त्याच जाळ्या पाट्या लावून बंद करता येतात. थंडीत आपल्याकडे पारा चांगलाच उतरतो, आणि खळग्यातील थंडी अंगात भरते, हे विसरून चालत नाही.

आणि पाऊस. पन्नास मिलिमीटरची एक सर त्या एका तुकड्यावर पडली तर पंचवीस हजार लिटर पाणी होते, वरच्या टेकडीवरून येणारे वेगळे. वर्षभरात बाराशे-तेराशे मिलिमीटर पडतो. ते सारे उतारावरून सुटले तर माती घेऊन तलावात जाईल. आणि आपले जुने तलाव मरत आहेत ते गाळानेच. म्हणून प्रत्येक अंगणाचा मधला भाग थोडा खोलगट ठेवला. पाणी तेथे क्षणभर उभे राहते, माती टाकते, मग फरशीखालच्या नाल्याने खालच्या अंगणात उतरते. नहाणीचे सांडपाणी तर वरच्याच पातळीवर सांदवाडीत वळविले आहे, केळी आणि धोप्याच्या वाफ्यात. मैल्याची टाकीही रस्त्याच्या बाजूला, पाण्यापासून शक्य तितकी दूर. ज्या पाण्याकडे आपण कौतुकाने पाहणार त्यातच आपली घाण सोडणे, याला शहाणपण म्हणत नाहीत.

अंगण हे जुन्या वाड्याचे लेणे, आधुनिक घरात त्याचे काय काम, असा आक्षेप गृहस्थांच्या चिरंजीवांनी घेतला. आम्ही त्यांना फिनलंडचे उदाहरण दिले. तेथील थोर वास्तुशिल्पी आल्व्हार आल्टो यांनी १९५३ च्या सुमारास मुरात्सालो येथे, सरोवराकाठच्या खडकाळ चढावर स्वतःसाठी उन्हाळी घर बांधले. त्यांच्यासारख्या आधुनिकाने काय केले? दोन बाजूंना खोल्या, दोन बाजूंना उंच भिंती, मध्ये चौकोनी अंगण, आणि तळ्याच्या दिशेने भिंतीला मोकळीक. अंगणाच्या मध्यावर शेकोटीची जागा. त्याच सुमारास सायनात्सालो येथील नगरगृहाचा चौक त्यांनी पायाच्या खोदकामातून निघालेली माती भरून उंच केला. थंड देशात अंगण ऊब धरते, आपल्याकडे सावली धरते. कारण वेगळे, पण रूप एक. आमच्या घरीही वरच्या पायरीची निघालेली माती आणि मुरूम खालच्या भरावात गेला. बाहेरून मातीची एक गाडीही आणली नाही.

परंतु ज्या उदाहरणाने खरा प्रश्न सुटला ते फिनलंडचे नव्हते, वाईजवळच्या मेणवलीचे होते.

खरा प्रश्न तिसऱ्या पायरीचा होता. तेथून, मोहाच्या झाडाच्या थोडे खालून, एक पायवाट जाते. ढिवर डोंगे घेऊन त्याच वाटेने येतात. दुपारी गुरे पाण्यावर जातात. गणपती तेथेच शिरवितात, भुजली घेऊन बाया तेथेच येतात. तलावावर गावाचे निस्ताराचे हक्क आहेत, पण या वाटेची नोंद सातबारावर नव्हती. ती बंद करावी, असा गृहस्थांचा विचार होता. "मी पैसे मोजले आहेत, माझ्या डोळ्यांसमोरून गुरे का जावीत?" हा त्यांचा सवाल. तो अगदीच गैर होता असे आम्ही म्हणणार नाही. निवांतपणा हवा म्हणूनच तर माणूस घर बांधतो.

आम्ही त्यांना मेणवलीस नेले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नाना फडणविसांनी कृष्णेच्या काठी बांधलेला वाडा तेथे आहे. राज्याचा कारभार हाकणारा मनुष्य, गुप्ततेची त्याला केवढी गरज! वाड्याला एकामागून एक सहा चौक आहेत. बाहेरच्या चौकातले आतल्या चौकाला ऐकू जाणार नाही. आणि वाड्याच्या मागे, नदीवर, दगडी घाट आणि देवळे. तो घाट वाड्याने पोटात घेतलेला नाही. आजही तेथे गावातल्या बाया धुणी धुतात. आम्ही घाटाच्या पायरीवर बसलो असता गृहस्थांना म्हटले, "नानांनी सहा चौक आत घेतले, म्हणून नदी बाहेर सोडणे त्यांना परवडले. ज्याच्या घरात स्वतःचे आकाश नाही, तो काठावर कुंपण घालून आकाश मिळवू पाहतो. तुमच्या घरात तर दोन अंगणे आहेत."

ते काही बोलले नाहीत. परतल्यावर जागेवर बैठक झाली. आजींनाही आणले होते. नकाशे उलगडले, कुंपणाची रेघ दाखविली. आजींनी सगळे ऐकून घेतले आणि मुलाला एवढेच विचारले, "पाहाले पाणी लय आहे बाबू, पण उतराले वाट कुठं आहे?" कुंपण पाण्यापर्यंत नेले की काठावर भिंतच येत होती, घरच्यांनासुद्धा पाण्यात पाय बुडवायला जागा उरत नव्हती. हे आमच्याही ध्यानात आले नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

त्या दिवशी कुंपण दुसऱ्या अंगणापाशी थांबले. तिसरी पायरी म्हणजे एक फरसबंदीचा ओटा, मोहाभोवती पार, आणि तेथून मोहाच्या रेघेपासून दिवाळीच्या रेघेपर्यंत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. पाणी ज्या रेघेवर असेल त्या पायरीवर उतरायचे. वाट ओट्यावरूनच जाते. ओटा गृहस्थांच्या मालकीचा आहे, वाट सर्वांची आहे. जुन्या वळणाचा हा अर्थ कायद्याच्या भाषेत लिहिताना मात्र वकिलांना दोन दिवस लागले.

आता हे सारे सुखाचे झाले, असे सांगून आम्ही आपली दिशाभूल करणार नाही. घरात राहावयास जाऊन वर्ष झाले. ढिवर मंडळी ओट्यावर जाळी वाळत घालतात, माशांचा वास पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर मधल्या अंगणापर्यंत येतो, आणि गृहस्थ आम्हांला फोनवरून तक्रार करतात. तक्रार खरी आहे. शेण पडते, तेही खरे. अंगणात सडासारवण, पाने झाडणे, नाल्यातला गाळ काढणे हे रोजचे काम आहे. ज्याला ते नको त्याने अशा घराच्या वाटेस जाऊ नये. पण लाभही त्यांनी स्वतःच मोजले आहेत. गेल्या पावसाळ्यात एका रात्री मुसळधार झाली तेव्हा तिन्ही भिंतींच्या भोकांतून पाणी बाहेर पडत होते, आणि सकाळी अंगणाच्या खळग्यांतून दोन घमेली माती निघाली. तेवढी माती तलावात गेली नाही. वरच्या अंगणात धान वाळते, उन्हाळ्यात मोहफुले वाळतात, लाखोरी वाळते. नातीच्या लग्नाचा मांडव मधल्या अंगणात पडणार आहे.

पहिल्या अंगणापासून ओट्यापर्यंत अठ्ठावीस पायऱ्या आहेत. दर सात पायऱ्यांनी बसण्याजोगा टप्पा ठेवला आहे. आजी रोज उतरत नाहीत. ते शक्यही नाही. पण गेल्या वर्षी भुजली शिरवायला गावातल्या बाया आल्या, तेव्हा त्या दोन नातींचा हात धरून, तिन्ही टप्प्यांवर बसत, ओट्यापर्यंत आल्या आणि सर्वांबरोबर पाण्यात पाय सोडून बसल्या. कुंपण असते तर बाया दुसऱ्या काठाला गेल्या असत्या, आणि आजींनी ते वरून पाहिले असते.

सभ्य श्रोतेहो, आमचे म्हणणे थोडक्यात एवढेच आहे. आपल्या जिल्ह्यात पाण्याकाठी घरे आता वाढणार. रस्ते झाले, पैसा आला, आणि शांत जागेची ओढ सर्वांना आहे. ती चुकीची नाही. पण हे तलाव कोणी एकट्याने बांधले नाहीत आणि ते कोणा एकट्याने राखलेही नाहीत. सारस पक्षी महाराष्ट्रात उरला आहे तो मुख्यतः याच भागात, याच तलावांच्या आणि बांध्यांच्या आधाराने. अशा ठिकाणी घर बांधणाऱ्याने आपले मोकळे आकाश काठावर शोधू नये. ते घराच्या आत आणावे. अंगण आत आले की उतार थांबतो, पाऊस थांबतो, माती थांबते. आणि काठ ज्याचा होता त्याचाच राहतो.

 घराचे नकाशे बाहेर मेजावर ठेवले आहेत. ज्यांना पाहावयाचे असतील त्यांनी अवश्य पाहावेत, आणि चुका दिसल्या तर त्या आम्हांस सांगाव्यात.